ओईचे गणित आधी वेळापत्रकात सोडवा : विद्या परिषदा, अधिष्ठाते आणि प्राचार्यांना खुले पत्र

सन्माननीय विद्या परिषद सदस्य, विद्याशाखांचे अधिष्ठाते आणि महाविद्यालयांचे प्राचार्य यांस,

स.न.वि.वि.

२० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत खुला ऐच्छिक विषय, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘ओई’, आला. एकूण १० ते १२ श्रेयांक (क्रेडिट), आणि मेजर, म्हणजे मुख्य विषय, ज्या विद्याशाखेतले ती सोडून दुसऱ्या विद्याशाखेतूनच निवडायची सक्ती. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून तो चालू आहे. कॉमर्सच्या मुलीला थोडे मानसशास्त्र कळावे, बी.ए.च्या मुलाने आकडे बघून पान उलटू नये, बी.एस्सी.वाल्याला जमिनीचा कागद वाचता यावा, या हेतूबद्दल आमची काही तक्रार नाही. पण बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याला पोर्टलवर चाळीस विषयांची बास्केट, म्हणजे निवडीची यादी, दिसते आणि वर्गात दोनच विषय उभे राहतात. त्या दोनांतला एक कोणता, तेही आधीच ठरलेले असते. हे का होते आणि येत्या जूनच्या आधी काय बदलता येईल, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

सुरुवात जागांच्या हिशेबापासून करू, कारण तो फारसा कुणी मांडत नाही. समजा, एका महाविद्यालयात प्रथम वर्षाला बी.कॉम.च्या तीन तुकड्या, बी.ए.च्या दोन आणि बी.एस्सी.ची एक आहे. तुकडी १२० ची, म्हणजे ३६०, २४० आणि १२०, एकूण ७२० विद्यार्थी. स्वतःची विद्याशाखा सोडायची असल्याने कॉमर्सचे ३६० जण कला आणि विज्ञान यांच्याकडे जातील, कलेचे २४० वाणिज्य आणि विज्ञानाकडे, विज्ञानाचे १२० कला आणि वाणिज्याकडे. दोन्हीकडे निम्मे-निम्मे गेले असे धरले, तर कला शाखेने २४० जागा द्यायच्या, वाणिज्याने १८० आणि विज्ञानाने ३००. म्हणजे ज्या शाखेची स्वतःची मुले सर्वांत कमी, तिच्याच डोक्यावर सर्वांत मोठा भार. ८० च्या वर्गाने धरले तर विज्ञानाला चार वर्ग, कलेला तीन, वाणिज्याला साठ-साठचे तीन, असे एका तासाला दहा वर्ग, दहा शिक्षक आणि दहा खोल्या लागतात. आणि हे फक्त प्रथम वर्षाचे झाले. द्वितीय वर्षाचा ओई त्याच तासाला ठेवला तर खोल्या जवळजवळ दुप्पट.

आता विज्ञान शाखेचे शिक्षक म्हणतात, प्रयोगशाळेच्या बॅचेस सोडून आम्ही बाहेरच्या चार वर्गांना कुठून शिकवणार? त्यांचे चुकत नाही. सहायक प्राध्यापकाचे आठवड्याचे प्रत्यक्ष अध्यापन १६ तास, म्हणजे ४८ मिनिटांच्या २० तासिका. दोन श्रेयांकांच्या चार वर्गांचे आठवड्याला आठ तास वाढतात, म्हणजे अर्ध्या शिक्षकाचा वर्कलोड. तो मंजूर व्हायला सहसंचालक कार्यालयात कागद जातात आणि तासिका तत्त्वावरची नेमणूक होईपर्यंत पुष्कळदा निम्मे सत्र संपलेले असते. मग सोपा मार्ग निघतो. कॉमर्सच्या तिन्ही तुकड्या जशाच्या तशा कला शाखेच्या, तास कमी पडत असलेल्या विभागाला दिल्या जातात. त्या विभागाचा वर्कलोड वाचतो, वेळापत्रक हलत नाही, आणि ३६० मुलांचा ‘ऐच्छिक’ विषय एकच होतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही. नोकरीतल्या माणसाची नोकरी वाचवायला हरकत नसावी, पण त्याला निवड म्हणू नये.

म्हणून पहिली मागणी. बास्केट मंजूर करताना विद्यापीठाने महाविद्यालयाकडून विषयांच्या नावांआधी वर मांडलेला तक्ता मागावा : कोणत्या शाखेतून किती विद्यार्थी बाहेर जाणार, कोणती शाखा किती जागा देणार, आणि त्या जागांमागे कोणत्या विभागाचे किती तास आहेत. हा तक्ता एका पानावर मावतो. जिथे तो जुळत नाही तिथे कोणता विषय ऑनलाइन जाईल, कोणता शेजारच्या महाविद्यालयाशी मिळून चालेल, हे मे महिन्यातच ठरेल. वर्कलोडचा प्रस्तावही त्याच तक्त्यावरून जावा, म्हणजे ओईचे तास ‘जादा’ म्हणून कापले जाणार नाहीत. एकाच शाखेचे महाविद्यालय असेल तर हा तक्ता आणखी महत्त्वाचा. नुसत्या कॉमर्स कॉलेजात दुसऱ्या विद्याशाखेचा शिक्षकच नसतो, आणि तिथे कागदावर ‘मानव्यविद्या’ लिहून बिझनेस कम्युनिकेशन शिकवले जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा पेच तासाचा. ओई सगळ्या शाखांत एकाच वेळी हवा, नाहीतर शाखा मिसळतच नाहीत. पण कॉमर्स सकाळी ७ ला सुरू होऊन ११ च्या सुमारास सुटते, विज्ञान ११ ला सुरू होऊन साडेचारपर्यंत प्रॅक्टिकलमध्ये असते, आणि दुपारी १२ पासून त्याच खोल्यांत अकरावी-बारावीचे वर्ग बसतात. कॉमर्सला तासभर थांबवले तर दोन्हींना जमणारी वेळ फक्त ११ ते १२. तोच तास मंगळवार आणि शुक्रवारी ओईसाठी राखून ठेवावा आणि बाकीचे वेळापत्रक त्याच्याभोवती बांधावे. उलट केले, म्हणजे सगळे भरून उरलेल्या फटीत ओई घातला, तर तो शनिवारी जातो. शनिवारी एसटीचा पास असूनही मुले दोन तासांसाठी गावाहून येत नाहीत, आणि मग हजेरीचा कागद व वर्ग यांचा संबंध उरत नाही.

तासाची लांबीही पाहा. एक श्रेयांक म्हणजे अध्यापनाचे १५ तास, दोन श्रेयांक म्हणजे ३० तास, म्हणजे १८०० मिनिटे. ४८ मिनिटांच्या तासिकेने साडेसदतीस तासिका होतात. १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला अडीच. अर्धी तासिका वेळापत्रकात लावता येत नाही, म्हणून सगळे दोन लावतात आणि प्रत्यक्षात २४ तासच शिकवून होतात. सहा तास, म्हणजे अभ्यासक्रमाचा पाचवा हिस्सा, पहिल्याच दिवशी गेला. त्यातून प्रथम सत्र प्रवेशाच्या फेऱ्यांमुळे उशिरा सुरू होते, पुढे गणपती, पुढे परीक्षा. हे टाळायला ओईचे दोन तास पूर्ण ६० मिनिटांचे ठेवा. ११ ते १२ ची खिडकी त्यासाठीच सोयीची आहे, कारण तिच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या तासिकेची घंटा अडवत नाही.

निवडीची पद्धत हा खरे तर सर्वांत स्वस्तात सुटणारा भाग, आणि नेमका तोच सर्वांत वाईट चालतो. रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्मची लिंक पडते, ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’. ज्याच्या फोनमध्ये रेंज आहे त्याला हवा तो विषय मिळतो. वाडीवरच्या मुलीला सकाळी स्टँडवर आल्यावर लिंक दिसते, तोवर उरलेल्या विषयात तिचे नाव पडलेले असते. बारावीच्या गुणांवर वाटप हाही उपाय नव्हे. ज्याला गणितात ४० गुण आहेत त्यालाच आकडे वाचण्याच्या ओईची जास्त गरज.

आमची सूचना अशी. फॉर्म तीन दिवस उघडा ठेवावा आणि वेळेला किंमत देऊ नये. प्रत्येकाने पाच पसंती द्याव्यात, त्या किमान तीन विभागांतल्या असाव्यात. मग सोडत. एक्सेलमध्ये पीआरएनसमोर (विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकासमोर) रँड सूत्राने संख्या काढायची, पण ती काढल्याबरोबर त्या रकान्यावर ‘व्हॅल्यू’ म्हणून पेस्ट करून गोठवायची. ही पायरी विसरली तर शीटमध्ये कुठेही काही टंकले की सगळे आकडे बदलतात, क्रम नवा होतो, आणि दुपारी लावलेली यादी संध्याकाळच्या फाइलशी जुळत नाही. मग सोडतीत गडबड झाली अशी ओरड होते, आणि दाखवायला पुरावा नसतो. गोठवलेल्या यादीची प्रत काढून त्यावर विद्यार्थी प्रतिनिधीची सही घ्यावी. ज्यांना या वेळी चौथी किंवा पाचवी पसंती मिळाली, त्यांना पुढच्या सत्रात सोडतीत पहिला क्रम. वीसपेक्षा कमी नावे आली तर वर्ग चालणार नाही, हे फॉर्मच्या आधी जाहीर करावे आणि त्या मुलांना दुसऱ्या पसंतीत सर्वांच्या आधी बसवावे. पहिल्या आठवड्यात एकदा विषय बदलायची मुभा, त्यानंतर यादी बंद. ती का बंद करायची, याचे कारण परीक्षेच्या परिच्छेदात येईल.

पसंती द्यायला विषयाची माहिती तर हवी. सध्या विद्यार्थ्यापुढे नुसते शीर्षक असते. प्रत्येक ओईची दहा ओळींची चिठ्ठी लावा : काय काय करायचे आहे, आधीचे काय येणे गृहीत आहे, अंतर्गत गुण कशाचे, शिकवणार कोण, आणि माध्यम कोणते. शेवटची बाब किरकोळ समजू नका. मराठी माध्यमातून बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला विज्ञानाचा ओई इंग्रजी पाठ्यपुस्तकातून आणि इंग्रजी प्रश्नपत्रिकेने दिला, तर त्याची परीक्षा विज्ञानात होत नाही, इंग्रजीत होते. ओईची प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत काढणे सक्तीचे करा.

शिवाय बारावीची गुणपत्रिका एकदा तपासा. बारावी विज्ञान करून बी.ए.ला आलेला विद्यार्थी विज्ञानाचा प्राथमिक ओई घेतो तेव्हा तो तेच पुन्हा शिकतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या अभ्यासक्रम आराखड्यात बहुविद्याशाखीय विषयांबाबत बारावीला शिकलेले पुन्हा घेऊ नये असे म्हटलेच आहे. आणि सीमेवरच्या विषयांचा निकाल विद्यापीठानेच द्यावा, प्रत्येक महाविद्यालयाने आपापला लावू नये. अर्थशास्त्र मानव्यविद्येत मोडते पण बी.कॉम.ला ते मुख्य अभ्यासात असतेच, मग कॉमर्सच्या मुलाला तो ओई चालतो का? भूगोल बी.ए.लाही आहे, बी.एस्सी.लाही. संख्याशास्त्राचे तेच. या पाच-सात विषयांची ‘कोणाला चालेल, कोणाला नाही’ अशी यादी परिपत्रकात दिली की निम्मे वाद संपतात.

आता अभ्यासक्रमाकडे. बहुतेक ओई म्हणजे त्या विषयाच्या प्रथम वर्षाच्या पेपरातून कापलेला तुकडा असतो : व्याख्या, स्वरूप, व्याप्ती, महत्त्व. पुढे तोच विषय शिकणाऱ्याला पाया म्हणून ते ठीक असेल. पण ज्याला या विषयाकडे पुन्हा कधीच यायचे नाही, त्याला ‘व्याप्ती’ सांगून काय मिळणार? बाहेरच्या विद्यार्थ्यासाठी अभ्यासक्रम वेगळा बांधावा लागतो. चार घटक ३० तासांत कोंबण्यापेक्षा दोन घ्या आणि शेवटी हातात एक काम येईल असे पाहा.

वाणिज्य शाखेचा बी.ए.साठीचा ओई घ्या. ‘वित्ताची ओळख’ ऐवजी त्यात एक कर्ज उलगडून दाखवा. १ लाख रुपये, १२ टक्के व्याज, १२ हप्ते. घटत्या शिलकीवर व्याज धरले तर हप्ता सुमारे ८,८८५ रुपये बसतो आणि वर्षभरात व्याज जाते सुमारे ६,६१९ रुपये. दुकानदार ‘फ्लॅट १२ टक्के’ म्हणतो तेव्हा तो पहिल्या दिवशीच १२,००० व्याज मुद्दलात मिळवून बाराने भागतो, हप्ता होतो ९,३३३. दर दोन्हीकडे १२, पण दुसरीकडे व्याज जवळजवळ दुप्पट. कारण पहिल्या हप्त्यानंतर मुद्दल कमी झाले तरी फ्लॅट हिशेबात व्याज पूर्ण लाखावरच चालू राहते. यासाठी लागते ते शाळेतले गणित आणि महिनावार बारा ओळींचा तक्ता. तो तक्ता विद्यार्थ्याने स्वतः हाताने भरला की दोन तास सत्कारणी लागले. मग एखाद्याने घरातला मोबाइल किंवा फ्रिजच्या हप्त्यांचा कागद आणला, तर तिसरा तास आपोआप उभा राहतो.

किंवा मानव्यविद्येकडून बी.एस्सी.साठी ‘जमिनीचा कागद वाचणे’. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ एकत्र. वरच्या भागात अधिकार अभिलेख, खाली पिकांची नोंद. भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ मध्ये फरक काय, वर्ग २ ची जमीन विकताना परवानगी का लागते, पोटखराब म्हणजे काय, ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा कसा दिसतो, फेरफार क्रमांकावरून गाव नमुना ६ पर्यंत कसे जायचे, आणि एका खातेदाराची गावातली सगळी जमीन ८अ मध्ये कशी सापडते. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते, घरात बोलणे एकर-गुंठ्यात चालते. ४० गुंठ्यांचा एकर, १०० आरचा हेक्टर, आणि एक गुंठा एका आरापेक्षा किंचित मोठा, हे रूपांतर विज्ञानाची मुले चटकन करतात, पण रकान्यांचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नसतो. याला विशेष पुस्तक लागत नाही. नावे झाकलेल्या दहा सातबारांच्या छायाप्रती पुरतात.

प्रयोगशाळेतल्या ओईबद्दल सावधगिरी बाळगा. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक ३० तासांचा असतो, म्हणून एक तात्त्विक आणि एक प्रात्यक्षिक अशा दोन श्रेयांकांना ३० नव्हे, ४५ तास लागतात. बॅच वीसची धरली तर ८० विद्यार्थ्यांच्या चार बॅचेस, प्रत्येकी दोन तास, म्हणजे आठवड्याला आठ तास प्रयोगशाळा अडते. असा ओई चाळीसवर थांबवा. मोठ्या वर्गाला बाकावर होतील असे प्रयोग द्या, जसे घरून आणलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजणे आणि क्लोरीनची ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालते. गावोगावचे आकडे वर्गात एका फळ्यावर आले की चर्चा मुद्दाम घडवावी लागत नाही.

स्वयम्‌चा, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाचा, आधार घ्यायला आमची हरकत नाही. यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यावरून घेता येतात. पण घेण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. त्यावरील एनपीटेल या आयआयटींच्या उपक्रमाचा ८ आठवड्यांचा कोर्स दोन श्रेयांकांचा आणि १२ आठवड्यांचा तीनचा धरला जातो, म्हणजे दोनाच्या जागी १२ आठवड्यांचा कोर्स घेतलेल्याचा एक श्रेयांक लटकतो. नोंदणी फुकट असली तरी परीक्षेचे शुल्क वेगळे भरावे लागते, आणि ते न भरलेला विद्यार्थी सगळे व्हिडिओ पाहूनही कोराच राहतो. आणि त्यांची परीक्षा व निकाल त्यांच्या वेळापत्रकाने चालतात, आपल्या नव्हे. विद्यापीठाचा निकाल आधी लागला तर अशा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर ‘अनुत्तीर्ण’ न छापता ‘श्रेयांक प्रतीक्षेत’ असा शेरा यावा, एवढी सोय परीक्षा विभागाने सॉफ्टवेअरमध्ये करून घ्यावी.

परीक्षा विभागाचे बोलायचे तर सर्वांत जास्त विद्यार्थी अडकतात ते तिथेच. ओईच्या वर्गात वेगवेगळ्या तुकड्यांतली मुले असतात, त्यामुळे ‘रोल नंबर २३’ एकाच वर्गात तिघे-चौघे निघतात. शिक्षक अंतर्गत गुण रोल नंबरने लिहितो, कारकून ते तुकडीच्या यादीत चढवतो आणि एकाचे गुण दुसऱ्याला जातात. ओईच्या हजेरीपटावर, गुणतक्त्यावर, उत्तरपत्रिकेवर फक्त पीआरएन असावा. दुसरी चूक विषय संकेतांकाची. विद्यार्थ्याने यादी बंद झाल्यावर तोंडी परवानगीने वर्ग बदलला, परीक्षा अर्जात जुनाच संकेतांक राहिला, पेपर नव्याचा दिला. निकाल राखीव. म्हणूनच वर म्हटले की आठवड्यानंतर बदल बंद. परीक्षा अर्जात संकेतांक विद्यार्थ्याला निवडू देऊ नका, बंद यादीतून तो आपोआप यावा. तिसरी भानगड नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. आधारवर बहुधा नाव आधी. विद्यार्थ्याचे श्रेयांक जिथे साठतात त्या श्रेयांक बँकेच्या खात्यावर आधारचे नाव चढते, जुळणी होत नाही आणि श्रेयांक जमा होत नाहीत. ही तपासणी प्रवेशाच्या खिडकीवरच व्हावी. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ती करायला घेतली तर सहा सत्रांचे कागद उकरावे लागतात.

अंतर्गत मूल्यमापनात ‘प्रोजेक्ट फाइल’ बंद करा, ही विनंती. ८० फाइली प्रत्येकी पंधरा मिनिटे वाचायच्या तर २० तास लागतात, आणि ते कुणाकडेच नसतात. परिणामी चकचकीत कव्हरला गुण मिळतात. त्याऐवजी वर्गातच, कागदाच्या एका बाजूवर, सत्रात चार वेळा छोटे काम घ्या. कर्जाचा तक्ता, सातबाऱ्यातून पाच उत्तरे, पाण्याच्या दहा नमुन्यांची तुलना, अशी कामे तीन मिनिटांत तपासून होतात आणि नक्कल करायला वेळही मिळत नाही.

राहता राहिली एटीकेटी, म्हणजे नापास विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जाण्याची सोय. बास्केट दर वर्षी बदलते. यंदा चाललेला ओई पुढच्या वर्षी नसतो, आणि त्यात नापास झालेल्या विद्यार्थ्याची प्रश्नपत्रिका कोणी काढायची हे कुठेच लिहिलेले नसते. मग त्याला सांगतात, ‘नवा विषय घे, पुन्हा पूर्ण सत्र बस.’ ओई बंद करताना त्याच्या पुढच्या किमान दोन परीक्षा घेण्याची जबाबदारी, प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या नावासह, ठरावातच नोंदवावी. बंद झालेल्या विषयाऐवजी नवा घ्यायची मुभा विद्यार्थ्याला असावी, पण सक्ती नसावी, आणि आधीचे अंतर्गत गुण कायम धरावेत.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा शासन निर्णय लागत नाही. जागांचा तक्ता, राखीव तास आणि सोडतीची पद्धत प्राचार्यांच्या सहीने होते. सीमेवरच्या विषयांची यादी, द्विभाषिक प्रश्नपत्रिका, ‘श्रेयांक प्रतीक्षेत’चा शेरा आणि एटीकेटीचा नियम यांना विद्या परिषदेचा ठराव लागेल. परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर हे चार मुद्दे घ्यावेत, आणि महाविद्यालयांकडून जागांचा तक्ता १५ मेपर्यंत मागवावा, म्हणजे प्रथम वर्षाचे प्रवेश सुरू होताना दहा ओळींच्या चिठ्ठ्या सूचनाफलकावर लागलेल्या असतील.

कळावे,

आपले,
वेळापत्रक, प्रवेश आणि परीक्षा समित्यांवर काम करणारे काही शिक्षक